आवाजाची फोडणी

वाचकहो, जरा सावरून बसा. पदर, चष्मा, मन, जे काही सावरायचं असेल ते आत्ताच सावरा, कारण या प्रकरणात मी एक अत्यंत गंभीर आणि राष्ट्रीय महत्त्वाची बाब जाहीर करणार आहे. ती अशी, की भिवंडीतल्या नारपोलीत, भगवानशेठच्या नव्या कोऱ्या समाजमंदिरात, एका मंगळवारी भर सकाळी, रुबी नावाच्या चिमुरडीने मटकीच्या उसळीचा घास गिळला. इतिहासाच्या पुस्तकांत याची नोंद नाही. शाळेत लढायांच्या सनावळ्या पाठ करून करून माझा घसा सुकला, पण या घासाबद्दल एका ओळीचा प्रश्न कधी परीक्षेत आला नाही. वास्तविक त्या घासासाठी आमच्या घरात जेवढी खलबतं झाली, तेवढी एखादा किल्ला घ्यायलाही झाली नसतील. तेव्हा ही नोंद मीच करते आहे. टाळ्या शेवटी वाजवाव्यात.

माझी आई अंगणवाडीची बाई होती. सगळी नारपोली तिला 'बाई' म्हणायची. माझे बाबासुद्धा कधीकधी विसरून 'बाई' अशी हाक मारायचे आणि ती 'काय रे बाळा' म्हणत वळायची. आमच्या दोन खोल्या यंत्रमागाच्या कारखान्याला पाठ लावून उभ्या होत्या. भिंत एकच; अलीकडे आम्ही, पलीकडे लूम. दिवसपाळी संपली की रातपाळी सुरू, त्यामुळे ती भिंत सदानकदा थरथरत असायची आणि भिंतीबरोबर आमचं सगळं घर. मांडणीवरच्या ताटल्या बारीक किणकिणत, चहाच्या कपात वर्तुळं उठत आणि देवांच्या तसबिरी हळूहळू एका बाजूला कलत जात. शुक्रवारी कारखाने बंद, म्हणून शुक्रवारी देव सरळ करायचे, असा आमचा कुळाचार होता. कुजबुज हा प्रकार आमच्या घराला माहीत नव्हता. गुपितंसुद्धा ओरडून सांगितली जायची आणि तरी ती गुपितं राहायची. लग्न होऊन मी डोंबिवलीला गेले तेव्हा पहिल्याच सकाळी सासूबाईंना 'चहा टाकू का?' असं विचारलं, तर त्या बिचाऱ्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, सून भांडायला उठली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा खेळ तिच्यावर आहे. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. हे मी नाटकीपणाने म्हणत नाही. एकदा नाशिकचे मामा मुक्कामाला आले. सकाळी उठून बसले ते तारवटलेल्या डोळ्यांनी. म्हणाले, "ताई, अगं या आवाजात तुम्ही राहता कसे?" आई पोहे परतत होती. तिने मान वर केली, कान टवकारले, खिडकीतून बाहेर बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, "कसला आवाज?" मामा दुपारच्या गाडीने परत गेले.

कारखान्याच्या पलीकडच्या अंगाला, लूमच्या अगदी कुशीत, आईची अंगणवाडी होती. एकच खोली, पत्र्याचं छप्पर, आढ्याला टांगलेला वजनकाटा आणि त्याची कापडी झोळी. त्या झोळीत पोर बसवलं की ते आधी घाबरायचं आणि मग झोके घ्यायला लागायचं, त्यामुळे काट्याचा बाण जागेवर थांबायचा नाही आणि आई त्या पोराशी तडजोडीच्या वाटाघाटी करत बसायची. पोरं सगळ्या मुलखांतली. लूमवर काम करणाऱ्या भैय्यांची, तेलंगणातून आलेल्या विणकरांची, आमच्या आगरी शेजाऱ्यांची, आणि खाडीकडच्या झोपड्यांतून येणाऱ्या वारली मजुरांची. यातल्या बऱ्याच जणांच्या घरी सकाळी चूल पेटायची नाही. पोराची आई पहाटे बापाबरोबर कामाला, किंवा घरीच लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला बसलेली. पोराच्या हातात चहात बुडवलेला पाव दिला की सकाळ भागायची. ताटात ताजं, गरम, पोटभर असं काही यायचं ते अंगणवाडीतच. आई म्हणायची, "यांचं नुसतं पोट भरून चालणार नाही, अंग भरलं पाहिजे." आणि ती भरायची. पोरांच्या दंडाला हात लावून ती ज्या अभिमानाने बघायची, तसा अभिमान तिने माझ्या प्रगतिपुस्तकाकडे बघून कधी दाखवला नाही. अर्थात प्रगतिपुस्तकाचाही त्यात थोडा दोष होता.

स्वयंपाक करायची जनाकाकी, अंगणवाडीची मदतनीस. आगरी, ठसठशीत, गुडघ्यापर्यंतचं लुगडं, गळ्यात सोन्याची माळ. सासरच्यांच्या जमिनीला भाव आला होता, मुलगे गाड्या फिरवत होते, घरी बसून खायची सोय होती. पण ही बाई रोज सकाळी पदर खोचून हजर. मुलगे रागवायचे, "आये, लोकं काय म्हनतील?" ती म्हणायची, "लोकांची पोरा माज्या हातचा खातान, लोकं काय म्हनतील?" तिच्या हातची लापशी मी आयुष्यात पुन्हा खाल्ली नाही. गव्हाचा रवा ती आधी इतका खमंग भाजायची की लूमवरचे कामगार कारखान्याच्या दारातून डोकवायचे. मग उकळतं पाणी, गूळ, वरून कुटलेले शेंगदाणे. एक दिवस खिचडी, एक दिवस लापशी, एक दिवस मोड आलेल्या मटकीची उसळ. गूळ किती घालायचा यावरून आईची आणि तिची रोज लढाई. आई सरकारी पुस्तक उघडून प्रमाण वाचून दाखवायची, आणि काकी टोपात कालथा फिरवत म्हणायची, "बाई, तुमी तुमचा पुस्तक बगा, मी माजा टोप बगतंय." दोघी भांडत भांडत शिजवायच्या, आणि जे शिजायचं ते पोरं ताटली चाटून संपवायची. फक्त शुक्रवारी थोडं उरायचं. आईचं म्हणणं, शुक्रवारी बाप घरी असतो, पोरांना भजी आणतो, म्हणून भूक नसते. हे स्पष्टीकरण सगळ्यांना पटलेलं होतं.

आणि मग आमच्यावर एक उपकार झाला.

भगवानशेठ हे जनाकाकीचे चुलतदीर. दिलदार माणूस, बोटांत अंगठ्या, खिशात गोळ्या. त्यांनी आपल्या उरलेल्या एका शेतात समाजमंदिर बांधलं, कारखान्यांपासून चांगलं लांब. बांधून झाल्यावर त्यांच्या मनात आलं, की बाईंची पोरं त्या धुळीत, त्या पत्र्याखाली कशाला बसवायची? "बाई, आजपासून मंदिर पोरांचा. लगीनसराईचे दिवस सोडले तर बाकी वर्ष तुमचा." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच सुंदर होतं ते. फिकट निळा रंग, गुळगुळीत लादी, पंखे, दोन्ही बाजूंनी वारा, आणि खिडकीतून दिसणारी बाभळ. आम्ही तिथे गेलो त्या दिवशी भगवानशेठने नारळ फोडला, पोरांना गोळ्या वाटल्या, आणि काकीने ठेवणीतली लापशी केली. ताटल्या मांडल्या. पोरं बसली. आणि कोणीच जेवलं नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, गोळ्या खाल्ल्या म्हणून. दुसऱ्या दिवशी वाटलं, नवी जागा. पण आठवडा गेला तरी तेच. पोरं ताटलीकडे बघायची, मग दाराकडे बघायची, मग एकमेकांकडे. एक-दोन घास कसेबसे घ्यायची आणि मुसमुसायला लागायची. जी पोरं पत्र्याखाली हातघाईवर येऊन जेवायची, ती इथे एखाद्याच्या दहाव्याला आल्यासारखी बसायची. आणि या सगळ्यांत रुबी म्हणजे कडी. रुबीची खोली कारखान्याच्या मागेच. बाप लूमवर, अम्मी कांड्या भरणारी. दोन वर्षांचं पोर, डोळ्यांत बरणीभर काजळ आणि काडीएवढे दंड. पत्र्याखाली आईने मोठ्या कष्टाने तिला जेवती केली होती. काट्याचा बाण जरा जरा पुढे सरकायला लागला होता. समाजमंदिरात तिने ओठ मिटले ते मिटलेच. तिच्या तोंडापुढे घास नेला की ती इतक्या सभ्यपणे मान फिरवायची, की आपणच काहीतरी वावगं करतोय असं वाटावं.

मग चर्चासत्रं सुरू झाली. आईचं मत पडलं, काकीने तिखट वाढवलं. काकीचं मत पडलं, डाळ किडकी आली. भगवानशेठचं मत पडलं, वास्तुशांत राहिली, आणि त्यांनी आणखी एक नारळ फोडला. काकीने मीठ-मिरच्या घेऊन सगळ्या पोरांची सामुदायिक दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुराने पोरं खोकली, पण जेवली नाहीत. शेवटी रुबीच्या अम्मीला बोलावलं. ती कांड्यांचं सूत केसांत घेऊनच धावत आली.

"मैडम, घर पे तो खाती है," ती म्हणाली. "थोडा ही सही, पर खाती है. आपके इधर आके क्या हो जाता है इसको?"

"रोज खाते ना घरी?" आईने विचारलं.

"रोज. खाली जुम्मे को नहीं खाती. जुम्मे को बिलकुल मुंह नहीं खोलती, शैतान."

जनाकाकीने हनुवटीला बोट लावलं. "बघ गो बाई! पोर शुक्रवार धरते काय? एवढ्याशा वयात?"

यावर सगळ्या हसल्या, अम्मीसुद्धा हसली, आणि त्या हसण्यात नारपोलीतला सर्वांत मोठा पुरावा उंबऱ्यावरून निघून गेला. आज मी इथे काल्हेरला सातव्या मजल्यावर बसून हे लिहिते आहे, खिडकीला दुहेरी काच आहे, खाली गोदामांकडे जाणारे ट्रक मुंग्यांसारखे दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही. माझ्या लेकीने खास मला शांतता मिळावी म्हणून हे घर निवडलं. त्या बिचारीला मी अजून सांगितलेलं नाही, की ती कामावर गेली की मी रिकामा मिक्सर लावते आणि मगच मला दुपारची झोप येते.

असो. या संकटात तुमच्या लेखिकेने काय केलं? तिने रंगभूमीची सेवा केली. माझी शाळा दुपारची, तेव्हा सकाळी मी पोरांसमोर प्रयोग लावायला लागले. मी हत्ती झाले. मी घास चोरणारं मांजर झाले. मी एक भुकेला राक्षस झाले, जो उसळ न मिळाल्यामुळे तडफडून मरतो. त्या मरणाला मी बराच वेळ घ्यायचे. पोरं आ वासून बघायची. त्या उघड्या तोंडांत आईने आणि काकीने चटकन घास सरकवून पाहिला, तर पोरं तो तसाच गालात धरून बघत बसायची. प्रेक्षक खूश, नाटक यशस्वी, ताटल्या भरलेल्या.

तेवढ्यात बातमी आली, की अंगणवाड्यांचे मोठे साहेब मंगळवारी येणार. आमच्या केंद्रात अन्न उरतं, पोरांची वजनं घसरतायत, हे वर गेलं होतं. प्रधान बाईंनी ते वर पाठवलं होतं, आणि ते त्यांचं कामच होतं. प्रधान बाई म्हणजे आमच्या भागाच्या पर्यवेक्षिका. शांत गावातून बदली होऊन आलेल्या, कडक इस्त्रीच्या, आणि नारपोलीत पाऊल टाकण्याआधी पर्समधून कापूस काढून दोन्ही कानांत घालणाऱ्या. पत्र्याखाली त्या आल्या की आम्ही पोरी त्यांना नुसतेच ओठ हलवून नमस्कार करायचो आणि त्या 'हो हो, छान' म्हणायच्या. त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघा, साहेब वाईट नाहीत. पण मंगळवारी मुलं जेवली नाहीत, तर इथली चूल बंद करतील. बाहेरून घरी शिजवायच्या पिठाची पाकिटं येतील. मग तुम्ही ती फक्त वाटायची."

आई त्या दिवशी घरी आली आणि तशीच पाटावर बसली. "पाकीट," ती बाबांना ओरडून म्हणाली, म्हणजे आमच्या घरच्या हिशेबाने हळूच म्हणाली. "रुबीच्या आईला वेळ आहे का पाकीट फोडून शिजवायला? ते पाकीट फळीवर राहील आणि पोर पावावर." त्या दिवशी तिने तसबिरी सरळ केल्या, शुक्रवार नसताना.

सोमवारी माझा राक्षसाचा प्रयोग होता. जनाकाकी बाहेरच्या ओट्यावर करपलेला टोप घेऊन बसली होती. साहेब, पाकिटं, दीर, डाळ, सगळ्यांवरचा राग ती त्या टोपावर काढत होती. पालथा टोप आणि वर कालथा. खटक-खट्, खटक-खट्, खटक-खट्. इकडे मी मरत होते. आणि मरता मरता एका डोळ्याने बघते तो काय, पोरं जेवत होती! हावरटासारखी, दोन्ही हातांनी. रुबीने समोरच्या ताटलीतून मटकीचा एक दाणा उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि तोंडात टाकला. मी धन्य झाले. मरणातून उठले आणि कमरेत वाकून प्रेक्षकांना अभिवादन केलं. त्याच क्षणी काकी टोप धुवायला नळाकडे गेली. पोरांचे हात थांबले. मी पुन्हा मेले, आणखी करुण. पोरं दाराकडे बघत राहिली. काकी परत आली, टोप पालथा घातला, खटक-खट्. हात पुन्हा ताटलीत.

कलावंताच्या आयुष्यात असा क्षण येऊ नये. माझ्या अभिनयाला कोणी दाद देत नव्हतं. दाद मिळत होती ती टोपाला. मी जमिनीवर पडल्या पडल्याच तो ताल ऐकला, आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि मला आमची भिंत आठवली. शुक्रवार आठवला. रुबीची अम्मी आठवली. ही पोरं त्या आवाजात जन्मली, त्यातच दूध प्यायली, त्यातच निजली. त्यांच्या लेखी तो थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं, बाप घरी, काम बंद, सगळे मोठे गप्प. आणि आम्ही त्यांना उचलून अशा जागी आणलं होतं, जिथे रोजच शुक्रवार होता.

मी धावत जाऊन आईला सांगितलं. तेवढ्यात आईने रिकाम्या ताटल्या पाहिल्या होत्या आणि ती हर्षाने फुलली होती. "लिंबू!" ती म्हणाली. "आज मी लिंबू पिळलं होतं." काकी म्हणाली, "लिंबू कसला? सकालीच मी दृष्ट काढलीय." भगवानशेठला निरोप गेला, तर तिकडून उत्तर आलं, की तिसरा नारळ कालच फोडलाय. श्रेय घ्यायला सगळे हजर, आणि मी एकटी ओरडते आहे, "आई, मुलांना आवाज हवाय!"

"कसला आवाज?"

"लूमचा!"

आईने माझ्या कपाळावर हात ठेवला. हेही कबूल केलं पाहिजे, की माझी ख्याती फार चांगली नव्हती. खाडीत मगर आलीय असं सांगून मी एकदा अख्खी गल्ली काठावर नेली होती. वर मी काकीचा टोप उचलून वाजवायला गेले, तर दोघी एकदम अंगावर आल्या. रिकामं भांडं वाजवलं की त्या घरात कलह होतो, हे माहेरी-सासरी सगळीकडे ऐकत आलेल्या त्या दोघी, एरवी गुळाच्या खड्यावर एकमत न होणाऱ्या, या बाबतीत ठाम एकत्र. "आणि उद्या साहेब आले की खबरदार," आई म्हणाली. "चिडीचूप बसायचं. मेलीस तर बघ."

मंगळवारी पुन्हा उसळच केली, पुन्हा लिंबू पिळलं गेलं. दृष्ट निघाली. नारळ फुटला. साहेब आले, उंच, सावकाश बोलणारे, चपला दाराबाहेर काढणारे. मागून प्रधान बाई, कानांत कापूस. समाजमंदिरात त्याची गरज नव्हती, पण नारपोली म्हटलं की त्यांचा हात आपोआप पर्सकडे जायचा. पोरं स्वच्छ, भांग पाडलेली, ओळीत. उसळीची वाफ वर जात होती. बाहेर बाभळीवर एक साळुंकी बोलत होती आणि ती स्पष्ट ऐकू येत होती, इतकी ती भयंकर शांतता. साहेबांनी स्वतः लादीवर बसून उसळ खाल्ली, पुन्हा मागून घेतली. मग ताटलीवर हात ठेवून पोरांकडे बघत राहिले. एकही हात हलला नाही.

"बाई," ते हळूच म्हणाले, "चव उत्तम आहे. माझ्या घरी अशी होत नाही. पण मुलांच्या पोटात जात नसेल, तर इथली चूल चालू ठेवण्याचं कारण मी वर काय सांगू?"

आई उत्तर द्यायला उभी राहिली नाही. ती रुबीसमोर बसली. माझी आई, जिने सरपंचाला ओळीत उभं केलं होतं, जिने बाबांकडे कधी साडी मागितली नाही, ती त्या दोन वर्षांच्या पोरीपुढे घास धरून म्हणाली, "रुबी, एकच. माझ्यासाठी घे ना गं." रुबीने सभ्यपणे मान फिरवली. आईचा हात तसाच हवेत राहिला.

मला तो हात बघवला नाही. मी ओट्यावरून टोप आणला, पालथा घातला, आणि कालथा हाणला. खटक-खट्, खटक-खट्. साहेब दचकले. आईने माझ्याकडे जी नजर टाकली, ती आठवली की आजही माझा खांदा दुखतो. पण मी थांबले नाही. आणि त्या नजरेखालून, हवेत तशाच राहिलेल्या त्या हाताकडे, एक छोटं तोंड वळलं आणि उघडलं. आईने न बघताच घास आत सोडला. रुबीने तो चावला. गिळला. पुन्हा आ केला. आई माझ्याकडेच बघत होती. तिचे डोळे भरून आले आणि ती नारपोलीच्या आवाजात म्हणाली, "थांबू नकोस!"

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पडदा मला हवा तिथे पाडता येईल. चूल बंद झाली नाही. आईने पोरांची ती खटखट अंगावरचं दूध सोडवावं तशी सोडवली. दिवसेंदिवस हळू, मग नुसती लादीवर बोटांनी, मग गाण्याच्या ठेक्यात, आणि एक दिवस ती पोरं बाभळीवरच्या साळुंकीच्या आवाजातही जेवायला लागली. ते बरंच झालं. त्या आवाजाची मी आज कितीही आरती केली, तरी रुबीच्या बापाचे कान त्याने नेले आणि माझाही डावा कान आता शोभेपुरताच उरला आहे. रुबी दापोड्याच्या एका गोदामात माणसांची पाळी लावते. भरल्या अंगाची, भरल्या आवाजाची. मागे भेटली तेव्हा आपल्या पोराला कडेवर घेऊन आली होती. मी त्याचा दंड दाबून बघितला. आईची सवय.

तर त्या मंगळवारी मी हाणत होते आणि पोरं खात होती. जनाकाकीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोरांकडे, आणि सगळ्या कुळाचा कलह डोक्यावर घेऊन झाकण उचललं. "पोरी, तुजा ताल चुकतंय," ती ओरडली. "लूम असा न्हाय वाजत, असा वाजतंय!" आणि तिने असा काही ठोका धरला, की जणू मागावरचा धोटाच इकडून तिकडे फिरायला लागला. पोरं मांडी घातल्या घातल्या डुलायला लागली. ताटल्या पुढे आल्या, अजून, अजून. वाढायला हात कमी पडले, तशी प्रधान बाईंनी पर्स लादीवर ठेवली. इस्त्रीच्या साडीचा पदर खोचला. पण ओरडून मागणाऱ्या पोरांचं काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी आधी एका कानातला कापूस उपटला, मग दुसऱ्या. एका वारली पोराला मांडीवर घेतलं, उजव्या हाताने त्याला भरवायला लागल्या, आणि डाव्या हाताला काही काम नव्हतं म्हणून त्या हाताने चमचा उचलून ताटलीवर ठोका धरला. आधी जरा बिचकत, मग जोरात, मग काकीच्या तालात.

साहेब दोन्ही कानांवर तळवे दाबून दारापर्यंत मागे सरकले होते. तिथून ते जिवाच्या आकांताने ओरडले, "प्रधान बाई! अहो प्रधान बाई! तो आवाज जरा थांबवता का?"

प्रधान बाईंनी चमचा वाजवता वाजवताच मान वर केली. पोराच्या ओठांवरचा मटकीचा दाणा बोटाने आत ढकलला, आणि अगदी मनापासून विचारलं,

"कसला आवाज, साहेब?"